बर्फात माणूस बुडतो काय?

आमच्या नळदुर्गच्या माणसाला बर्फ माहीत आहे तो दोनच प्रकारचा. एक म्हणजे कारखान्यातून भुशात घोळून, पोत्यात गुंडाळून येणारी लादी. दुसरा म्हणजे जत्रेत काडीवर मिळणारा रंगीत गोळा. तिसरा बर्फ सिनेमात दिसतो. त्यात नायक-नायिका लोळतात, एकमेकांना बर्फ फेकून मारतात, गाणे म्हणतात आणि गाणे संपले की घरी जातात. किल्ल्यातला नर-मादी धबधबा पाहायचा तरी आम्हाला पावसाळ्याची वाट पाहावी लागते. अशा कोरड्या मुलखातल्या माणसाने बर्फाचा विचार कशाला करावा, असे कोणीही म्हणेल.

परंतु विचार करावा लागतो. आमच्या वस्तीतल्या एका घरचा मुलगा फौजेत आहे. मागे त्याची बदली वर, बर्फाच्या मुलखात झाली. टीव्हीवर हिमस्खलनाची बातमी आली की त्याची आई आमच्या दारात येऊन उभी राहायची. आम्ही पडलो कारकून. वस्तीत कोणाचा अर्ज लिही, कोणाचे पत्र वाचून दाखव, कोणाला कचेरीत घेऊन जा, ही कामे आमच्याकडे चालत येतात. एके दिवशी त्या माउलीने विचारले, "भाऊ, बर्फात मानूस बुडतो व्हय? पान्यात बुडतो ते ठावं हाय. बर्फ तर घट्ट असतो. मग मानूस आत जातोच कसा?"

प्रश्न इतका सरळ होता की 'काळजी करू नका मावशी' एवढ्यावर तिची बोळवण करणे आमच्या मनाला पटेना. आम्ही मिळेल ते वाचले, बर्फात नोकरी करून आलेल्या माजी सैनिकांना गाठून विचारले. त्यातून जे समजले ते आज आपल्या वाचकांपुढे ठेवत आहोत. हा विषय एका घराचा नाही. आपल्या समाजाची फौजेशी जुनी नाळ आहे. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे डॉ. बाबासाहेबांचे प्रयत्न होते, हे आपल्याला माहीतच आहे. आजही पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरे दिसतात, त्यांत आपली पोरे असतातच. शेतात पाणी नाही, गावात काम नाही, म्हणून कोणी फौजेत जातो, कोणी ठेकेदाराच्या मागे दूरच्या रस्त्याच्या नाहीतर बोगद्याच्या कामावर जातो. दुष्काळी भागातली माणसे बर्फात जातात ती अशी.

३ फेब्रुवारी २०१६ चा दिवस आठवा. सियाचेन हिमनदीवर सुमारे १९,६०० फूट उंचीवर सोनम नावाची चौकी होती. तिच्यावर बर्फाचा कडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटच्या १९ व्या बटालियनच्या चौकीवरचे १० जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. माण तालुका म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसणारा मुलूख. त्या मुलखातला हा तरुण नर्सिंग असिस्टंट म्हणून फौजेत गेला, म्हणजे दुसऱ्यांचे प्राण वाचवणे हे त्याचे काम. त्याच चौकीवर शेजारच्या कर्नाटकातील धारवाड जिल्ह्यातले लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पड होते. पंचवीस फुटांहून अधिक खोल बर्फाखालून सहाव्या दिवशी ते जिवंत सापडले तेव्हा सारा देश चकित झाला. तंबूच्या आत हवेची थोडी पोकळी राहिली होती, तेवढ्यावर त्यांनी इतके दिवस काढले. कुत्र्यांनी वास काढला, बर्फ कापण्याच्या यंत्रांनी वाट केली. परंतु ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी इस्पितळात त्यांची प्राणज्योत मालवली. दहाही गेले.

पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, काश्मीरच्या गुरेझ भागात हिमस्खलन होऊन दहाहून अधिक जवान गेले. त्यांतही महाराष्ट्रातील जवान होते. सीमेच्या पलीकडची गोष्टही वेगळी नाही. ७ एप्रिल २०१२ रोजी गयारी येथे पाकिस्तानी फौजेच्या छावणीवर बर्फ कोसळला आणि १४० माणसे गाडली गेली. त्यांतले काही साधे नोकर-कामगार होते. बर्फाला गणवेशाचा रंग कळत नाही. १९८४ पासून सियाचेनवर सैन्य आहे, आणि तिथे गोळीपेक्षा थंडीने, विरळ हवेने आणि बर्फाने जास्त माणसे नेली, हे दोन्ही देश जाणतात.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. घट्ट बर्फात माणूस आत जातो कसा?

पहिली गोष्ट ही की डोंगरावर पडणारा बर्फ लादीसारखा नसतो. तो पिंजलेल्या कापसासारखा पडतो. आपल्यातले पुष्कळ जण बांधकामावर आहेत, म्हणून त्यांच्याच मापात सांगतो. ताजा भुसभुशीत बर्फ एक ब्रास भरला तर वजन साधारण पावणेतीनशे किलो होईल. वाऱ्याने दाबला गेला की तोच एक ब्रास आठशे किलोच्या घरात जातो. आणि उतारावरून घरंगळत, घासत, आपटत खाली येऊन जो ढीग होतो, त्याचा एक ब्रास सव्वा ते दीड टनाचा. म्हणजे कापूस म्हणून निघालेली वस्तू खाली येईपर्यंत मुरूम होऊन येते.

दुसरी गोष्ट थरांची. हे समजून घ्यायला आपल्याला हिमालयात जायची गरज नाही. आपली जुनी माळवदाची घरे आठवा. लाकडी तुळया, त्यावर किलच्या, त्यावर पांढरी माती. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी मातीचा आणखी एक थर. आजोबांनी टाकला, बापाने टाकला, आपणही टाकला. डोक्यावर किती ओझे साठले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि त्या मातीने व दगडी भिंतींनी लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे निजल्या जागी गाडली. तोच धक्का हलक्या घराला बसला असता तर इतकी माणसे गेली नसती. मारले ते साठत गेलेल्या ओझ्याने आणि त्याला न पेलणाऱ्या भिंतीने.

डोंगरावरच्या बर्फाचे असेच आहे. हिवाळाभर थरावर थर चढतात. प्रत्येक थर वेगळ्या दिवशी, वेगळ्या थंडीत पडलेला. कुठला घट्ट, कुठला भुसभुशीत. त्यात सर्वांत घातकी थर असतो तो तळाचा. जमीन थोडी उबदार राहते आणि वरची हवा अतिशय गार असते. मग खालची वाफ बर्फातून वर सरकते आणि तळचे दाणे बदलून साखरेसारखे रवाळ होतात. मूठभर घेऊन दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. अशा साखरेवर वरून फूट-दोन फूट नवा बर्फ पडला, वाऱ्याने त्याची घट्ट चादर झाली, की सापळा तयार. वरून पाहणाऱ्याला पांढरेशुभ्र, सपाट, सुंदर दिसते. त्या चादरीवर एका माणसाचे पाऊल पडले तरी खालचा थर खचतो, चादरीला लांबच लांब तडा जातो आणि सगळा उतारच्या उतार एकदम सुटतो.

तिसरी गोष्ट उताराची. खळ्यावर ज्वारीची रास केली की ती एका ठराविक उतारावर येऊन थांबते. आणखी पाटी ओतली तर दाणे घरंगळून तोच उतार पुन्हा तयार होतो. बर्फ ज्वारीसारखा सुटा नसतो, तो एकमेकाला धरून राहतो. म्हणून तो जास्त उभ्या उतारावरही तग धरतो आणि सुटतो तेव्हा सगळा मिळून सुटतो. तज्ज्ञ सांगतात की बहुतेक घातकी हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. मुलांच्या कंपासपेटीत दोन गुण्ये असतात. एकाला ३० अंशांचा कोन, दुसऱ्याला ४५ चा. हे दोन कोन टेबलावर उभे धरून पाहा. त्यांच्यामधला उतार म्हणजे मृत्यूचा उतार. याहून सपाट असेल तर बर्फ सहसा बसून राहतो, फार उभा असेल तर साठण्याआधीच थोडा थोडा गळून जातो. आपण सपाटीवर उभे आहोत एवढ्याने मात्र निर्धास्त होता येत नाही. डोक्यावरच्या उतारावरून सुटलेला बर्फ पायथ्याच्या सपाटीवर बराच पुढपर्यंत धावतो. तंबू, छावण्या, मजुरांच्या खोल्या असतात त्या बहुधा पायथ्यालाच.

चौथी गोष्ट हवामानाची. मोठी बर्फवृष्टी झाल्यानंतरचा पहिला दिवस-दीड दिवस सर्वांत धोक्याचा. वारा बर्फ उचलून डोंगराच्या आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो, म्हणून आकाशातून बर्फ पडत नसतानाही तिथे ओझे वाढत असते. अचानक ऊन पडले, पाऊस आला, गारठा कमी झाला, तरी बर्फ ओला होऊन सुटतो. आणि निसर्ग सूचना देत नाही असेही नाही. शेजारच्या उतारावर नुकताच बर्फ कोसळलेला दिसणे, पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज येणे, पावलापासून पुढे तडे पळत जाणे, ह्या तीन खुणा म्हणजे 'मागे फिर' अशी आज्ञाच. जाणता माणूस अशा वेळी एक पाऊलही पुढे टाकत नाही.

आणि शेवटची गोष्ट, जिचे उत्तर त्या माउलीला हवे होते. होय, बर्फात माणूस बुडतो. वेगाने येणाऱ्या बर्फात तो पाण्यातल्यासारखा गटांगळ्या खातो. कोरड्या बर्फाचा मोठा लोट ताशी शंभर-दोनशे किलोमीटरच्याही वेगाने येऊ शकतो, त्याच्यापुढे पळून जाणे शक्य नसते. बर्फ थांबला की क्षणात सिमेंटच्या मालासारखा आवळतो. गाडलेल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. तोंडासमोर थोडी पोकळी असेल तर श्वास चालतो. परंतु स्वतःच्याच श्वासाच्या वाफेने तिथे बर्फाचा पापुद्रा धरतो आणि हवा कोंडते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर दहातली जवळजवळ नऊ माणसे वाचतात. अर्धा तास उलटला की तीनच्या आसपास उरतात. हणमंतप्पा सहा दिवस जगले ते तंबूतल्या पोकळीमुळे. तो लाखात एखादा प्रसंग.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. वाचवायला हेलिकॉप्टर येईल, कुत्री येतील, यंत्रे येतील, पण ती पंधरा मिनिटांत येणार नाहीत. पंधरा मिनिटांत वाचवू शकतो तो फक्त शेजारी उभा असलेला सोबती. म्हणून बर्फात जाणाऱ्या प्रत्येकाजवळ तीन वस्तू असाव्यात असा जगभरचा नियम आहे. पहिली, अंगावर बांधायचे छोटे रेडिओ-यंत्र, जे बर्फाखालून आपला ठावठिकाणा सोबत्याच्या यंत्राला कळवते. दुसरी, घडी उघडून लांब होणारी सळई, जी टोचून माणूस कुठे आहे ते चाचपता येते. तिसरी, फावडे. हाताने हा बर्फ उकरला जात नाही. धोक्याचा उतार ओलांडायचा तर एका वेळी एकानेच, बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभे राहून नजर ठेवायची. गाडले जाण्याची वेळ आलीच तर हात तोंडासमोर धरून पोकळी करायची. ह्या गोष्टी शिकून येतात, एका दिवसात शिकवता येतात. फौजेत त्या शिकवल्या जातात.

प्रश्न आहे तो ज्यांना कोणी शिकवत नाही त्यांचा.

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात २३ एप्रिल २०२१ रोजी सुमना येथे सीमा रस्ते संघटनेच्या मजुरांच्या छावणीवर बर्फ कोसळला. शेकडो मजूर वाचवले गेले, पण पंधराहून अधिक जीव गेले. त्याच जिल्ह्यात, बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी, २८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुन्हा त्याच संघटनेच्या कामावरच्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन झाले. ५४ मजूर सापडले. सैन्याने जिवाची शर्थ करून ४६ जणांना बाहेर काढले, ८ जण गेले. ते लोखंडी कंटेनरमध्ये राहत होते. काही जणांना त्या लोखंडाच्या कवचानेच वाचवले. हे मजूर कोण? बिहार, उत्तर प्रदेश, हिमाचल, उत्तराखंड अशा ठिकाणचे, पोटासाठी बर्फात रस्ता मोकळा ठेवणारे कष्टकरी. सीमेवरचा जवान जिथे उभा आहे तिथवर रस्ता नेणारे हे हात. त्यांच्या छातीवर पदक नसते आणि त्यांच्या नावाचा चौक होत नाही.

यातली मन अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे. माणाच्या दुर्घटनेच्या आदल्याच दिवशी चमोली आणि आसपासच्या डोंगरी जिल्ह्यांत हिमस्खलनाचा धोका आहे असा इशारा प्रसिद्ध झाला होता. आपल्या देशात यासाठी संस्था आहे. १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था सुरू झाली. २०२० मध्ये ती संरक्षण खात्याच्या नव्या संस्थेत विलीन झाली आणि आता चंदीगडहून दर हिवाळ्यात जिल्हावार इशारे निघतात. म्हणजे शास्त्र होते, शास्त्रज्ञ होते, इशाराही होता. आम्ही कारकून माणसे, कागद कसा चालतो ते आम्हाला ठाऊक आहे. कागद निघणे वेगळे आणि तो शेवटच्या माणसाच्या कानापर्यंत पोहोचणे वेगळे. आणि समजा पोहोचला, तरी 'आज आम्ही इथे झोपत नाही, छावणी हलवा' असे म्हणण्याची ताकद रोजंदारीच्या माणसात कुठून येणार? हजेरी बुडेल, मुकादम रागावेल, उद्या काम मिळणार नाही. ज्याच्या हातात निर्णय असतो तो बर्फाखाली झोपत नाही. जो बर्फाखाली झोपतो त्याच्या हातात निर्णय नसतो.

हे आजचेच नाही. पहिल्या महायुद्धात, १३ डिसेंबर १९१६ रोजी, आल्प्स पर्वतात मार्मोलाडा शिखराच्या अंगावर ऑस्ट्रियाच्या सैनिकांच्या बराकीवर बर्फ कोसळला आणि सुमारे २७० सैनिक गेले. त्या तुकडीच्या कप्तानाने आधीच वर कळवले होते की ही जागा धोक्याची आहे, आम्हाला हलवा. वरच्यांनी ऐकले नाही. शंभरांहून अधिक वर्षे झाली, पण हा प्रसंग ओळखीचा वाटतो.

ऐकले तर काय होते याचेही उदाहरण आहे. स्वित्झर्लंड हा डोंगरांचा चिमुकला देश. १९५०-५१ च्या हिवाळ्यात तिथे हिमस्खलनांनी ९८ माणसे मारली. त्या देशाने हात जोडून आकाशाकडे पाहिले नाही. उतारांवर शेकडो किलोमीटर लांबीचे लोखंडी अडसर उभे केले, तोडलेली झाडे पुन्हा लावली, धोक्याच्या जागांचे नकाशे करून तिथे घर बांधायला बंदी केली, रोजचा इशारा गावोगाव पोहोचवला, रस्ते वेळेवर बंद केले. १९९९ मध्ये पुन्हा तसाच भयंकर हिवाळा आला. माणसे गेली ती १७. सतरा जीवही थोडे नाहीत, पण मधल्या काळात डोंगरावरची वस्ती आणि पर्यटक कितीतरी वाढले होते. वाचलेली ती सगळी माणसे शहाणपणाने वाचली. आपल्याकडेही २०२० मध्ये रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि बर्फाच्या खिंडीतून जीव मुठीत धरून जाण्याची वेळ कमी झाली. म्हणजे मनावर घेतले तर होते.

म्हणून 'नशिबात होते' हा शब्द आम्हाला पटत नाही. आमच्या सह्याद्रीत बर्फ नाही, पण ३० जुलै २०१४ रोजी माळीण, २२ जुलै २०२१ रोजी तळिये, १९ जुलै २०२३ रोजी इर्शाळवाडी ही गावे दरडीखाली गेली. तिथे बर्फाऐवजी पावसाने भिजलेली माती होती, बाकी हिशेब तोच. उभा उतार, वरचे ओझे, खालचा सुटलेला थर, आणि पायथ्याला झोपलेली गरीब माणसे. कारण असते, कारण शोधता येते, आणि कारण दूर केले तर परिणाम टळतो. बर्फालाही हे लागू आहे.

आता घराघरात काय करता येईल ते सांगतो.

मुलगा फौजेत असेल तर त्याला 'बाबा, जिवाला जप' एवढेच सांगून फोन ठेवू नका. तिकडचे शिक्षण झाले का, अंगावरचे यंत्र मिळाले का, ते विचारा. आपल्या प्रश्नाने त्याचे शिक्षण वाढणार नाही हे खरे, पण घरच्यांना समजते आहे हे कळले की तोही सावध राहतो. त्याच्या कागदपत्रांत वारसाचे नाव बरोबर आहे का ते सुट्टीवर आल्यावर पाहून घ्या. लग्नानंतर नाव बदलायचे राहून जाते आणि पुढे सासू-सुनेला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असते. तिथे जायला दुःखाचा दिवस उजाडण्याची वाट पाहू नका. आधीच ओळख करून घ्या.

कोणी ठेकेदार पोरांना उत्तरेकडच्या रस्त्याच्या, वीज प्रकल्पाच्या, बोगद्याच्या कामावर नेत असेल तर आधी चार गोष्टी लिहून घ्या. कामाचे ठिकाण कोणते, मूळ काम कोणत्या खात्याचे, राहायची जागा कशाची आणि डोंगराच्या कोणत्या अंगाला, आणि हजेरीपटावर पूर्ण नाव चढणार की नाही. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही तो मेला तरी कागदावर मरत नाही आणि त्याच्या घरच्यांना भरपाई मिळत नाही. विम्याचा कागद असेल तर त्याची एक प्रत घरी राहू द्या. पोरांना एवढे पक्के सांगा की मोठा बर्फ पडला आणि छावणी उताराच्या पायथ्याशी असेल तर एकट्याने वाद घालत बसू नका. दहा-वीस जणांनी मिळून मुकादमाला सांगा. एकट्याचा आवाज दाबता येतो, वीस जणांचा दाबणे अवघड असते. संघटित व्हा, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

आणि तिसरे, हौसेने जाणारी पोरे. आता आपलीही मुले शिकली, नोकरीला लागली, मित्रांबरोबर हिमालयात जाऊ लागली. याचा आम्हाला आनंदच आहे. डोंगर चढायची हौस काही ठराविक घरांचीच मक्तेदारी नाही. पण ४ ऑक्टोबर २०२२ ची गोष्ट त्यांना जरूर सांगा. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी 'द्रौपदी का दांडा' शिखरावर हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघांचा पत्ता लागला नाही. मृतांत सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन शिखरे पाठोपाठ सर केली होती. शिकवणाऱ्यांवर आणि एव्हरेस्ट चढणाऱ्यांवर जिथे ही वेळ येते, तिथे पैसे भरून चार दिवसांत शिखर दाखवणाऱ्याच्या भरवशावर किती जायचे, याचा विचार व्हावा. 'आज इशारा काय आहे?' आणि 'मागे फिरायचे कधी ठरले आहे?' हे दोन प्रश्न निघण्याआधी विचारले पाहिजेत. उत्तर देता न येणाऱ्याबरोबर जाऊ नये. मागे फिरणे हा भित्रेपणा नाही. पुढच्या वर्षीही शिखर तिथेच असते.

त्या माउलीला आम्ही हे सगळे तिच्या भाषेत समजावून सांगितले. ज्वारीची रास सांगितली, माळवद सांगितले, पंधरा मिनिटांचा हिशेबही सांगितला. तिची काळजी गेली असे आम्ही म्हणणार नाही, आईची काळजी माहितीने जात नसते. पण तिने लगेच विचारले, "मग त्येच्या संगं चालणाऱ्या पोरापाशी बी ते येंत्र हाय का?" शिकलेल्या माणसालाही सुचू नये असा हा प्रश्न होता. एकाजवळ यंत्र असून भागत नाही, सोबत्याजवळही हवे, हे तिला चटकन कळले.

आमचे मागणे एवढेच आहे की ही समज सर्वत्र पोहोचावी. आपल्या अभ्यासिकांतून भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना धावणे आणि गणित यांच्या जोडीला एक तास डोंगर, बर्फ, दरड आणि पूर यांचाही द्यावा. गावात माजी सैनिक असतात, त्यांना बोलवावे. ते आनंदाने येतील, कारण त्यांनी जे पाहिले ते विचारणारे कोणी भेटलेले नसते. फळ्यावर दोन गुण्ये धरून ३० आणि ४५ अंशांच्या रेघा ओढून दाखवाव्यात. खर्च काही नाही, खडूचा एक तुकडा पुरेल.